आईच्या मापाचं जॅकेट

मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार उन्हात तापलं की त्याला एक कोरडा, किंचित गोडसर वास येतो. आश्विन सरत आला की आमच्या रिसोडकडच्या शिवारावर तो दिवसभर पसरून असतो आणि संध्याकाळी अंगणात बसलेल्या माणसांच्या कपड्यांतही शिरतो. गेल्या वर्षी त्या ओळखीच्या वासात एक परका वास मिसळला होता, कोऱ्या नायलॉनचा. माझा धाकटा भाऊ सुधाकर याच्या ओसरीवर नागपूरहून आलेलं पार्सल फोडलेलं होतं आणि नारिंगी रंगाची सहा जीवरक्षक जॅकेटं सोयाबीनच्या भरून शिवलेल्या कट्ट्यांना टेकून पाहुण्यांसारखी अवघडून बसली होती.

सुधाकरचं वावर धरणाच्या पाण्याला लागून आहे. इतकी वर्षं त्या पाण्याशी आमचा संबंध ओलितापुरता, मोटारीच्या घरघरीपुरता. मग उन्हाळ्यात त्याने कुठूनशी एक जुनी, वल्ह्यांची, सहा माणसं बसतील अशी फायबरची नाव आणली. मासे धरायला नाही, पैलतीरी कुणाला पोचवायला नाही, तर नुसतं बसायला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने नुसतं बसायला नाव घ्यावी याचं गावाला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण एका सायंकाळी, सूर्य कलताना, तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यावरचा प्रकाश हळूहळू उतरून पाण्यावर गेला, आणि त्या संथ सोनेरीपणात ती नाव काठाशी डुलताना पाहिली तेव्हा माझं हसू जिरलं.

भीती मात्र जिरली नाही. पाण्याचं भय आमच्या घरात आईने पेरलेलं. लहानपणी विहिरीकडे नुसती मान वळवली तरी तिची हाक यायची, आणि काठावरून चालताना ती माझं मनगट असं आवळून धरायची की बांगड्यांचे वळ उठायचे. तीच आई, बहात्तराव्या वर्षी, नाव आल्यापासून तिच्याभोवती घुटमळू लागली. सुधाकर म्हणाला, बसवू की एखाद्या दिवशी. मी म्हटलं, मुळीच नाही. तेव्हा ती मला समजावल्यासारखी म्हणाली, "पन्नास वर्सं वावरातून पानी पाह्यलं. आता एकडाव पान्यातून वावर पाहाचं हाये मले."

उभ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी नाही म्हणू शकले नाही, पण अट घातली. सगळ्यांच्या अंगावर ज्याच्या त्याच्या मापाची जॅकेटं, प्रत्येकाला शिटी लावलेली, दोर बांधलेलं एक तरंगतं रबरी चाक, पाणी उपसायला डबा, एक जादा वल्हं, आणि वल्हवणाऱ्यानेही जॅकेट घातल्याशिवाय नावेचा दोर सुटणार नाही. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या सुधाकरला हे शहरी थेर वाटले. पण आईचं नाव निघाल्यावर तो कबूल झाला आणि सगळी खरेदी माझ्यावर सोपवून मोकळा झाला.

मापांची गोष्ट निघाली की मी जरा ताठ होते. रिसोडला माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. बाई पायरी चढून आत येईपर्यंत तिचं माप माझ्या नजरेने घेतलेलं असतं. टेप लावायची ती केवळ तिच्या समाधानासाठी. जॅकेटांच्या नागपूरच्या दुकानदाराने फोनवर प्रत्येकाची छाती आणि वजन विचारलं. सगळ्यांचे आकडे मी न अडखळता सांगितले. आईची छाती छत्तीस, वजन पन्नासेक. तिच्या चोळ्या मीच शिवते, दर दिवाळीला दोन. छत्तीस हे माप मला माझ्या नावासारखं पाठ.

जॅकेटासोबत एक कागद होता. जॅकेट घालून पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्याला धरून ते वर उचलून पाहावं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ते जॅकेट त्या माणसाचं नव्हे. भावजयीचं बसलं, पण दोन्ही पायांमधून घ्यायचा पट्टा तिने लाजून साडीबाहेर तसाच लोंबता ठेवला. त्यासाठी नावेत सलवार घालायची असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. आईचा प्रश्नच नव्हता. तिच्या लुगड्याला कासोटा, पट्टा अगदी सहज गेला, आणि आपलं जुनं नेसणं ऐन वेळी कामी आलं म्हणून ती सुनेकडे पाहून मिश्कील हसली. मग मी खांद्याला धरून तिचं जॅकेट उचललं. पट्टा ताणून बसला होता, तरी त्या पोकळ नारिंगी घेरात तिची हनुवटी बुडाली, मग ओठ, मग नाक. वर उरले पांढरे केस आणि दोन डोळे. सुधाकरची दोन्ही पोरं खदखदून हसली. जॅकेटाच्या आतून आईही हसत होती. मी मात्र ते पटकन खाली ओढलं, कारण पाण्यात हेच झालं असतं.

पट्टे आणखी आवळावेत म्हणून मी तिच्या काखेशी हात घातला, तर चोळीच्या शिवणीशी बोटाला काहीतरी टोचलं. उसवून मोठं करावं लागलं तर म्हणून मी बाजूला नेहमी दोन बोटं कापड ठेवते. त्याच्या आत, हिरव्या चोळीवर पांढऱ्या दोऱ्याने, थरथरत्या हाताने घातलेल्या टिपा होत्या. एक नव्हे, तीन. एकीच्या आत एक. दरवर्षी मी छत्तीसची चोळी शिवत होते आणि दरवर्षी आई माझ्या माघारी ती आत घेत होती.

का सांगितलं नाहीस म्हणून मी विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "तुले कायले सांगू? तू कामधंदा सोडून मलेच पाहात बसली असती."

सोयाबीन मोजायचा काटा अंगणातच होता. सुधाकरने तिला हात धरून त्यावर उभं केलं. अडतीस किलो. त्याने तिला उतरवून आकडा शून्यावर आणला, काटा सपाट जागी सरकवला आणि पुन्हा उभं केलं. अडतीसच. जो उचलून उचलून खांद्याला घट्टे पडले त्या सोयाबीनच्या पन्नास किलोंच्या कट्ट्यापेक्षा आपली आई बारा किलोंनी हलकी आहे, हे कळल्यावर त्याने तिला अलगद उचलून काट्यावरून खाली ठेवलं. मला माझ्या नजरेची, माझ्या कसबाची मनस्वी लाज वाटली. परक्या बायकांची मापं मी दारातच ओळखली आणि जिच्या पोटी जन्मले तिच्याकडे आठवणीतूनच पाहत आले. दुसऱ्या दिवशी तिला वाशिमला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वयानं माणूस आटतं. दूध, अंडी असं काहीबाही त्यांनी लिहून दिलं, आणि आईने अंड्यांवर तिथेच काट मारायला लावली.

नवं जॅकेट आलं ते शाळकरी मुलांच्या मापाचं. खांद्याला धरून उचललं तर आई जॅकेटासकट चवड्यांवर उचलली गेली, पण ते हनुवटीखालून तसूभर हललं नाही. तरी माझं मन भरेना. नावेत बसण्याआधी पाण्यात उतरून पाहायचंच, असा मी हट्ट धरला.

सकाळचं कोवळं ऊन होतं. काठच्या चिखलाला ओल्या गवताचा वास होता. सुधाकर दोर बांधलेलं चाक घेऊन शेजारी उभा राहिला आणि आई माझा हात धरून एकेक पाऊल टाकत कमरेइतक्या पाण्यात आली. तिचं लुगडं फुगून वर येऊ लागलं. मी तिच्या पाठीखाली एक हात घातला, दुसऱ्याने तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, पाय उचल. तिने ते उचलले. पाण्यात तिचं उरलंसुरलं वजनही नाहीसं झालं. तिचा चेहरा आभाळाकडे होता, कानांना पाणी लागत होतं आणि भीतीचा मागमूसही त्या चेहऱ्यावर नव्हता.

किती वेळ मी तशीच उभी होते कोण जाणे. शेवटी तीच बोलली, अगदी हळू, लहानपणी मला झोपवताना बोलायची त्या आवाजात.

"तू धरून राह्यली त त्या जाकिटाचं काय समजन? सोड मले."

तिचं खरं होतं. मी आधी पाठीखालचा हात काढला. मग मनगटावरचं एकेक बोट. आई बुडाली नाही. संथपणे वळत ती वावराच्या दिशेला झाली आणि तशीच, आडवी, तुरीकडे पाहत राहिली. पाण्यात माझेच दोन हात रिकामे राहिले होते, आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.