कंचनभाभींची कमाई

ओतूरच्या पेठेत मी दुकानदारांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म भरायचो. मदनशेठच्या घरचे दोन असत. एक शेठचा, एक त्यांच्या बायकोचा, म्हणजे कंचनभाभींचा. दुकानाचा थोडा नफा बायकोच्या नावावर दाखवला की शेठचा कर कमी होई. म्हणून पाच वर्षं मी भाभींच्या फॉर्मवर लिहीत आलो: शिवणकाम, वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार. तेव्हा पन्नास हजारांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे त्यांनाही छदाम भरावा लागत नसे. आपल्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

त्या घरात शिवणयंत्र नव्हतंच. भाभी ब्लाऊजचं हुकसुद्धा शेजारच्या साळुबाईकडून लावून घेत. मी फॉर्म घेऊन गेलो की पदर सावरून बसायच्या, एकेक अक्षर जपून काढायच्या आणि विचारायच्या, "भगवंतभाऊ, नीट आली का सही? काय लिवलंय यात?"

"काय नाय भाभी, शेठचं काम हाय."

तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. मला चहा आणि खाकरा मिळायचा.

दोन हजार तीन साली शेठनं नाशकात दुसरीबरोबर घर मांडलं आणि तीस वर्षं संसार केलेल्या बाईला आळेफाट्याला भावाकडे धाडून दिलं. तिथं भावजय पोळ्या मोजून वाढायची. भाभींनी जुन्नरच्या कोर्टात पोटगी मागितली, महिना दीड हजार. शेठ दिवसाला तेवढ्याची साखर विकायचा.

शेठच्या वकिलानं पाचही फॉर्म पुढं केले. "सही तुमची?"

"व्हय, माझीच."

"मग महिना चार हजार कमावणाऱ्या बाईला पोटगी कशाला हवी?"

भाभींच्या वकिलानं त्यांच्या कानात सांगितलं, ही कमाई खोटी म्हणालात तर खोटं लिहून दिल्याचा ठपका तुमच्यावरच येईल. त्या गडबडून माझ्याकडे बघायला लागल्या. साक्षीला त्यांनीच मला बोलावलं होतं. आदल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमाला समदं ठावं हाय. तेवढं खरं बोला."

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. खरं बोललो तर पेठेतली सगळी गिऱ्हाइकं जाणार, वर माझ्याच मागे चौकशी लागणार. म्हणालो, "मला सांगितलं ते मी लिहिलं. खरंखोटं मला माहीत नाही."

शेठच्या वकिलानं मान डोलावली. मला स्वतःची किळस आली आणि तरीही मी दुसरं काही बोललो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. चोरांत मीही होतो.

अर्ज नामंजूर झाला.

भाभी कोर्टाच्या पायरीवर बसून होत्या. मी नजर चुकवून निघालो, तर हाक आली. वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

"भगवंतभाऊ, सायेब म्हणले, ते पैसे माझेच हायेत. मंग ते ठेवल्यात कुठं, तेवढं तरी सांगा."