आधी बोल, मग बदलते

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणत, आणि ते काही उगाच नाही. तिच्या वाटेला जो जाई, त्याचं काही खरं नसे. पण गेलं वर्षभर ही ठिणगी स्टोअरमध्ये केबलींची भेंडोळी गुंडाळत बसली होती. कुणामुळे? मालकांच्या भाच्यामुळे!

तेव्हा ती आणि भाचा दोघंही मशीनवर, आणि दोघांत लिनक्सचा एकच लॅपटॉप. त्यात वायरच्या नेटवर्कच्या दोन सेटिंग्ज: ‘ऑफिस’ आणि ‘मशीन’. कटिंग मशीनला जोडताना ‘मशीन’ निवडायचं, ऑफिसात परतलं की आठवणीनं ‘ऑफिस’. कारण ‘मशीन’मध्ये घातलेला नेटवर्कचा पत्ता नेमका ऑफिसच्या सर्व्हरचाही होता; एकाच पत्त्याचे दोघं एका जाळ्यात आले की सगळं अडायचं. भाचेबुवा तेच विसरले, तशीच वायर खोचली, आणि सगळं ऑफिस ठप्प. "हिनं केलं," म्हणून मोकळे! मेल्यानं खापर तिच्या डोक्यावर फोडलं आणि मशीनवरची तिची जागा पटकावली. तिला ती जागा परत हवी होती. आणि त्याची चारचौघांत फजिती झालेली बघायची होती, हेही खरं.

आज बडी गिऱ्हाइकं आली होती. भाचा लॅपटॉप घेऊन मशीनवरून धावत मीटिंगच्या खोलीत आला; मालक आणि पाहुणे आधीच बसले होते. लांब केबल घेऊन ती शेजारीच उभी. पडद्यावर तिला स्पष्ट दिसलं: ‘मशीन’. एका शब्दानं भागलं असतं. पण का म्हणून बोलायचं? तिनं केबल निमूटपणे त्याच्या हातात दिली.

क्षणात बाहेरून ओरडा सुरू झाला, "सगळं बंद पडलं!"

भाच्याची बोबडी वळली. "ताई, बघा ना जरा."

तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला, माउस ‘ऑफिस’वर नेला आणि थांबली. "मागच्या वेळी हे कुणी केलं होतं?"

"ताई, लोक बसलेत..."

"म्हणून तर विचारतेय. आधी बोल, मग बदलते."

त्यानं केबल उपटायला हात पुढं केला, तर तिनं सरळ हातावर चापट मारली.

"मी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"मीच केलं होतं!"

काय गार वाटलं तिला! तेवढ्यात मालक तिच्या कानाशी वाकले. "मला तेव्हाच कळलं होतं गं. घरचं पोर, म्हणून गप्प बसलो. चल, चालू कर आता."

म्हणजे वर्षभर ती भलत्यावरच दात धरून होती. हा तर नुसता भित्रा पोरगा. तिनं माउसवरचा हात उचलला.

"मग आता तुम्ही बोला, मालक," ती म्हणाली. "पाहुण्यांनाही ऐकू येऊ दे."