मागे घेतलेला शोध

दादा गेला त्या दिवशी फोन आला तेव्हा मी ऑफिसात, दुपारच्या मीटिंगमध्ये होते. "ताई, लवकर या..." एवढंच बोलून फरहीन रडायला लागली. फरहीन दादाची विद्यार्थिनी, मूळची सोलापूरची. मी गाझियाबादला घरी पोचले तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

माधवदादा, माझा थोरला भाऊ, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होता. विश्वातले पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनच्या अतिशय क्षीण रेडिओलहरी पकडायच्या, हे त्याचं काम. "अगं, इतक्या लांबून येताना ती लहर ताणली जाते, आणि इथे पोचेस्तोवर आपल्या एफएमच्या पट्ट्यात येऊन बसते," तो मला समजावायचा. दिल्लीच्या गोंगाटात ती सापडणं अशक्यच. म्हणून तो आणि फरहीन अँटेना गाडीवर लादून हिमालयापलीकडच्या निर्जन पठारावर जात, थंडीत आठवडेच्या आठवडे राहत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आलेखात एक खळगा दिसला, त्याच लहरीची खूण, हवी होती अगदी तिथेच. फरहीन करोल बागेतून बर्फी घेऊन आली. शोधनिबंध लिहून जर्नलकडे गेला, तिची पीएचडी त्याच्यावरच उभी होती. दादाला मात्र चैन पडेना. "हाच अँटेना एकदा दुसऱ्या जमिनीवर ठेवून बघू," तो म्हणाला. "खळगा आकाशातला असेल तर जागचा हलणार नाही."

खळगा हलला. अँटेनाखालच्या ओलसर मातीतून परतणाऱ्या लहरींचा तो खेळ होता.

दादानं निबंध मागे घेतला, त्या दिवशी फरहीन घरी आली होती. "सर, दुसऱ्या जागेचं मोजमाप आपल्याशिवाय कुणाकडेच नाहीये. माझी चार वर्षं गेली यात!"

दादानं समोरची आलेखांची फाईल मिटली. मग म्हणाला, "माझी बावीस गेली. पण हे खरं नाही, फरहीन."

ती चहा न घेता निघून गेली. मीही त्याला बोलले, "यार दादा, त्या मुलीचा तरी विचार करायचास." त्या रात्री तो जेवला नाही. माझं ते वाक्य आज मलाच टोचतं...

दोन महिन्यांनी फरहीन परत आली. का आलीस, असं दादानं विचारलं नाही. नव्या अँटेनाची आकृती तिच्यापुढे सरकवली, एवढंच. शेवटच्या आठवड्यापर्यंत दोघं त्यावर काम करत होती.

परवा ती प्रबंधाची छापील प्रत द्यायला आली. सोबत जुना मसुदाही होता, दादानं तपासलेला. एक संपूर्ण प्रकरण त्या फसव्या खळग्यावर होतं. तिनं लिहिलं होतं, 'जागा निवडण्यात आमची चूक झाली.' दादानं 'आमची' खोडून लाल शाईनं वर 'माझी' केलं होतं.

मी छापील प्रत उघडून ते पान शोधलं. तिथे 'आमची'च होतं.

"सरांची बाकीची सगळी करेक्शन्स घेतली, ताई," फरहीन म्हणाली, "फक्त ही एक नाही घेतली."

मसुदा मी दादाच्या टेबलावर ठेवला आहे, त्याच पानावर उघडा.