सुनंदाचा भाजलेला पाय

काल बीपी दाखवायला जव्हारच्या दवाखान्यात गेले आणि दुप्पट बीपी घेऊन घरी आले.

बाकावर शेजारी साखरशेत पाड्यावरची सुनंदा बसली होती. भातकापणी उरकली की कंत्राटदाराच्या जीपने केमिकल कारखान्यात कामाला जाते. उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला, आणि वास असा की समोरची माणसं सरकून बसलेली…

काही दिवसांपूर्वी ड्रम रिकामा करताना कॉस्टिकचं, कातडी जाळणारं पाणी सांडलं होतं. आवणीच्या, भात लावायच्या चिखलात कपडे वर खोचायची जन्माची सवय, म्हणून तिने कारखान्याची पँट गमबुटात खोचलेली. ती बुटावरून बाहेर सोडायची असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं! सगळं ओघळून थेट बुटात… आणि सुपरवायझर म्हणाला, आधी ड्रम संपव.

पाय बुटात शिजला हो. मग मलमाची ट्यूब देऊन घरी पाठवलं.

सोबत कंत्राटदाराचा माणूस, डोक्यावर गॉगल. तिला पढवत होता, "चुलीवरचं पाणी सांडलं म्हणायचं. नाहीतर तुमच्या पाड्यावर जीप थांबणार नाही." तिचा नवरा आणि दीर त्याच जीपने जातात.

दुसऱ्यांच्या बोलण्यात पडू नये, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलं होतं. मी पडले. "डॉक्टर औषध कशावर देणार रे, तुझ्या चुलीवर?"

"आजी, तुम्ही तुमचं बीपी बघा."

"तेच वाढवतोयस, मेल्या!"

सुनंदाने माझा हात धरला तो सोडलाच नाही, म्हणून मीही आत गेले. डॉक्टरांनी फडकं सोडलं. पोटरीवर बुटाच्या काठाची सरळ रेघ, आणि खाली… नको, लिहवत नाही.

"चुलीवर भाजलं, साहेब," असं सांगून हा माणूस मोकळा.

मी तोंड उघडणार, तोच सुनंदा खाली बघतच बोलली, "चुलीपुढं गमबूट कोन घालील, दादा?"

मग तिने सगळं सांगितलं. कंत्राटदाराचा माणूस फोन कानाला लावून जो बाहेर गेला, तो गेलाच.

तिला नाशिकला पाठवलंय. पाय वाचेल म्हणतात, बोटांचं सांगता येत नाही. आणि कारखाना म्हणतो, बाईनेच बूट चुकीचा घातला! अहो, भात लावणाऱ्या बाईच्या हातात विष देताना दोन वाक्यं सांगायला काय झालं होतं?

आज सकाळी जीप पाड्यावर न थांबता निघून गेली. काय होणार ते ठाऊक असूनही ती पोर खरं बोलली. आता पुढचं भांडण माझं… पेन्शनर बाईला वेळ भरपूर असतो, आणि तिला कुठलीच जीप पकडायची नसते.