विचारून आणि विचारात घेऊन

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल – किंवा इतकी वर्षं पोटात ठेवून आता ते जड झालंय म्हणून. पण आधी एक सांगून टाकते. मी बोलते फार छान. स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण ते खरं आहे. खाडीकाठच्या आमच्या आगरी गावातून तेल कंपनीच्या जनसंपर्क विभागात अधिकारी झालेली पहिली मुलगी मीच. तुर्भ्याच्या ऑफिसात इंग्रजी, हिंदी फाडफाड, आणि गावात पाय ठेवला की गावची बोली, तीही अस्सल. किती जणांना जमतं असं?

कंपनीची रिफायनरी आमच्या गावाला खेटून आहे. भिंतीच्या अलीकडे घरं, पलीकडे टाक्या आणि चिमण्या. मला तिची लाज कधी वाटली नाही. आमच्या गावच्या पेट्रोलवर मुंबई धावते, असं मी कॉलेजात ऐटीत सांगायचे.

मग ते विधेयक आलं. रिफायनऱ्यांची क्षमता वाढवायची, इंधनातल्या गंधकाचे नियम सैल करायचे, विस्ताराला परवानगी झटपट द्यायची. तोवर विस्तार करायचा म्हणजे जनसुनावणी घ्यावी लागे आणि लोक माइकवर येऊन आमची सालटी काढत. मसुद्यात ती सुनावणीच गायब होती. तिच्या जागी एक ओळ – ‘स्थानिकांचे म्हणणे विचारात घेऊन’ परवानगी देता येईल. आमच्या आमदारांनी सांगितलं, गावकी हो म्हणाली तर सभागृहात पाठिंबा देतो, नाहीतर विरोध. गावकीला समजवायला कंपनीने मला पाठवलं. दुसऱ्या कोणाला पाठवणार होते?

देवळापुढे सभा भरली. काय बोलले मी त्या दिवशी! बोलीतच बोलले. मोठमोठ्या साहेबांची नक्कल केली, म्हाताऱ्यांची थट्टा केली, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलले. नाक मुरडून आलेली माणसं मांड्या थोपटून हसत होती. सभा माझ्या खिशात होती – आणि तेवढ्यात द्वारकाआत्या उठली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आई सतत आजारी, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं ते हिनेच. भिंतीला सगळ्यात जवळचं घर तिचं, म्हणून ती काय म्हणते याच्याकडे सगळ्या गावाचे कान. ती म्हणाली, “पोरी, बाकीचा मना काय कलत नाय. कारखाना वाढवायच्या आधी आमाला इचारतील ना?”

इथे जरा थांबते. कारण इथवर आले की मला नेहमी दुसरीकडे वळावंसं वाटतं.

‘विचारणं’ आणि ‘विचारात घेणं’ – कानाला किती जवळचे शब्द, नाही का? पण विचारणं म्हणजे दारात येऊन विचारायचं, आणि घरच्यांनी नाही म्हटलं की मागे फिरायचं. विचारात घेणं म्हणजे कागद वाचायचा आणि बाजूला ठेवायचा. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. मसुदा आधी कंपनीकडे आला तेव्हा ती ओळ मराठीत बसवायला मीच मदत केली होती, आणि ती किती गोंडस वाटते याचं ऑफिसात कौतुकही झालं होतं.

मी म्हटलं, “इचारूनच करतील, आत्या. माझा शब्द हाय.”

आत्याने हात वर केला. तिच्या मागोमाग सगळे हात. खाली बसताना ती शेजारणीला म्हणाली, “भाची कोनाची हाय?” टाळ्या पडल्या. आणि मला काय वाटलं? लाज? भीती? छे – अभिमान वाटला. आजही ते भाषण आठवलं की मान आपोआप ताठ होते. एवढी मोठी सभा मी एकटीने फिरवली होती, ते विसरू कसं?

कायदा झाला. आमदारांनी गावकीचा हवाला देऊन मत दिलं. कंपनीने गेटवर सूचनापेटी लावली, आणि पेटीत पडलेलं सगळं रीतसर विचारात घेतलं गेलं. मग आत्याच्या परसामागे पायाचे खांब ठोकणारं पाइलिंगचं मशीन धडधडायला लागलं. तिच्या मागच्या भिंतीला भेगा गेल्या. नवीन चिमणी सुरू झाली तसा भाताच्या घासालासुद्धा वास येऊ लागला, तिचा खोकला थांबेना. शेवटी घराला कुलूप लावून ती घणसोली गावात एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. तोवर मी विभागप्रमुख झाले होते, सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहत होते.

तिला भेटायला गेले तेव्हा सांगायचं ठरवूनच गेले होते. खोली एवढीशी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आत्याने चहा टाकला. मी तोंड उघडणार, तर तीच जवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

“तू नको मनाला लावून घेऊ,” ती म्हणाली. “तुझा शब्द खरा होता. मेल्यांनी आमाला फसवला, तसा तुला पन फसवला.”

मला रडू आलं. अगदी खरं रडू. तिने पदराने माझे डोळे पुसले, आणि मी पुसू दिले. चहा प्यायले. कोण फसवणारे, किती नीच, यावर तिच्याबरोबर चार शब्द मीही बोलले – छान बोलले. अजूनही ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या भाचीला कंपनीने फसवलं.

मला कोणीही फसवलं नव्हतं.