बाटलीतलं तंबाखूचं बी

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. जामखेडच्या अलीकडं आमची कोरडवाहू जमीन होती. तिथं विहिरीलगतच्या एका तुकड्यात आत्या दरसाल तंबाखू लावायच्या. विकायला नाही, घरच्यांना आणि भावकीला खायला पुरेल एवढीच. तिचं बी त्यांनी लग्नानंतर माहेराहून, कर्जतकडून आणलेलं.

पानं जाड व्हावीत म्हणून त्या झाडांचे शेंडे खुडायच्या. दोन-चार चांगली झाडं तेवढी बियाण्यासाठी मोकळी सोडायच्या. बोंडं तपकिरी झाली की सावलीत वाळवून जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर चोळायच्या. बी धुळीसारखं बारीक.

"तोंडाला पदर लाव गं," मला म्हणायच्या, "श्वासानं उडून जाईल."

मग ते चाळलेल्या राखेत मिसळून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचं, बुचावर मेण ओतायचं आणि बाटली ज्वारीच्या कणगीत खोल पुरायची. "दान्याच्या पोटात गार ऱ्हातं. लई वर्सं टिकतं," त्या सांगायच्या.

एकाहत्तरला पाऊस कमी झाला, बहात्तरला झालाच नाही. विहिरीनं तळ दाखवला, तंबाखूचं रोप टाकायची सोय उरली नाही. कणगीही खाली खाली जात गेली. एक दिवस ज्वारी काढायला हात घातला तर बाटलीच हाताला लागली. तिच्याखाली फक्त भुसा होता.

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचं ठरलं. तिथंच झोपडं घालून राहायचं होतं. आत्यांनी बाटली कपड्यांच्या गाठोड्यात घातली, तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "घरी ऱ्हाऊ दे की."

"घर बंद. उंदरांनी पाडली तर? संगं आसलेली बरी."

उन्हाळ्यात ताडपत्रीखाली भट्टी व्हायची. आत्यांनी झोपडीच्या कोपऱ्यात खड्डा करून बाटली पुरली, पण मातीच तापलेली. ओलं फडकं गुंडाळावं तर टँकरचं पाणी प्यायलाही पुरत नव्हतं. दिवसभर खडी फोडून आम्ही रेशनच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी खायचो. आत्या भाकरी हातात घेऊन त्या कोपऱ्याकडं बघत बसायच्या.

पुढच्या साली पाऊस झाला. घरी आल्यावर बाटली बघितली तर मेण वितळून काचेवरून ओघळलं होतं, बूच सैल झालेलं. आत्यांनी वाफा केला, बी वाळूत मिसळून फेकलं, वर पाचट पसरलं आणि रोज हातानं पाणी शिंपडलं.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. "ये, ये! हिरवं दिसतंय!"

मी वाकून बघितलं. तांदुळजा होता. त्यांनाही ते कळलं होतं, तरी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"आत्या, तण हाय."

"व्हय," एवढंच म्हणाल्या आणि उपटायला बसल्या.

बाटलीच्या तळाशी चिमूटभर बी उरलं होतं. ते ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं. फडक्याला बुरशी आली. कोंब एकालाही फुटला नाही.

मग त्या माहेरी गेल्या आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भाऊ म्हनला, अक्का, आमच्याकडं जित्राबं ऱ्हायली न्हाईत, बियानं कोन ठिवतंय? शेजारीपाजारी बी इचारलं. कुनाकडंच न्हाई."

मामांनी जामखेडच्या बाजारातून तंबाखू आणली. आत्यांनी चिमूट तोंडात धरली आणि बराच वेळ जबडा हलवलाच नाही. "बरी हाय," म्हणाल्या. मरेपर्यंत तीच खाल्ली, पण कुणाला स्वतःहून कधी देऊ केली नाही.

वाफ्यात मामांनी मिरची लावली. विहीर परत आटली, तशी तीही उभ्या उभ्या वाळून गेली.