भरभर वाजवू नये

रविवारी दुपारी कॅम्पातल्या एका हॉटेलात जेवत होतो. कोपऱ्यात फर्नांडिस काका पियानोवर रॅगटाइम हे जुनं अमेरिकन संगीत वाजवत होते. डावा हात संथपणे पावलं टाकत होता आणि उजवा त्याला हुलकावण्या देत होता. इतक्यात हॉटेलमालक येऊन म्हणाले, "काका, जरा पळवा की. लोकांना मजा येते."

काकांनी समोरच्या छापील कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ही रचना भरभर वाजवू नये, असं रचनाकारानंच तिथं लिहून ठेवलं होतं. मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे कोण बघतं?"

माझा घास हातातच राहिला. अमेरिकेतल्या ज्या काळ्या माणसांनी हे संगीत रचलं, त्यांतल्या कित्येकांचे आईबाप गुलामीत दुसऱ्याच्या हुकमावर पळाले होते. त्यांच्या मुलानं मागून मागितलं काय, तर निदान हे सूर तरी माझ्या चालीनं चालू द्या. आणि आम्हाला जेवताना तेही पळतच हवेत.

काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणखी सावकाश.

मालक माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा साहेब, झोप येते की नाही?"

"नाही," मी म्हटलं, "लाज वाटते."